पिंपळाभोवती तीन फेऱ्या

आधीच सांगून ठेवते, मले गाण्याबजावण्यातलं काही समजत नाही. पण माझ्या सुनेबद्दल पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, जो तो आपली अक्कल पाजळून राहिला, तं मंग मीच काहून गप बसू? मी शेवंता. तिच्यासंग चार वर्षं एका घरात काढली, तिच्या त्या भोंग्यापायी माझी दुपारची झोप गेली, कान किटले. तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझाच हाय.

सून म्हणजे दीक्षा. माहेर डोंगरगडचं. इथं रायपुरात भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसते, दिवसभर मालाच्या बिल्ट्या फाडते, ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते अन् सहा वाजता स्कूटीवर घरी येते. आंगानं एवढी बारकी की रस्त्यानं पाह्यलं तं तुम्ही म्हणाल, ही काय फुंकणार, हिलेच कोणी फुंकलं तं उडून जाईल. माझा पोरगा अश्विन रेल्वेत गार्ड हाय, चार दिवस घरी तं चार दिवस लाइनीवर. घरात उरलो आम्ही तिघं मोठे अन् एक लेकरू. मी, आमचे हे, दीक्षा अन् तिची दीड वर्षाची इंदू.

आमचे हे म्हणजे देवीदास. अडतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनचे पत्रे ठोकले. त्या ठोकाठोकीत कान जड झाले, आता कानात ओरडावं लागते. पण ड्युटी सुटली की हे सॅक्सोफोन वाजवत. जयंतीची मिरवणूक असो का कोणाचं लग्न, पाऱ्याच्या बँडात सगळ्यात पुढं आमचे हे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. हा बाजा आमचा नव्हे, विहाराचा हाय. माझं लग्न व्हायच्या आधी कुठल्याशा जुन्या बँडचं सामान निकालात निघालं, तवा पाऱ्यातल्या लोकांनी मिळून तो घेतला. घेतला अन् भांडण सुरू झालं. वाजवणारे सहा जण, अन् बाजा एक. ठेवायचा कोणाच्या घरी? मंग त्या वक्ताच्या बुजुर्गांनी तोड काढली. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली की विहाराच्या आंगणातल्या पिंपळाभोवती वाजवत तीन फेऱ्या मारायच्या. सावकाश, मोजक्या पावलांनी. आवाज कुठंच तुटला नाही पाहिजे. ज्याचा तुटला नाही, त्याच्या घरी बाजा, जोवर त्याच्यानं वाजवणं होते तोवर. अन् तुटला का नाही हे पाहायचं कोणी? ज्यानं बाजा सोडला त्यानं. त्यानं बाजाच्या पितळेवर हात ठेवून संग चालायचं, कारण पौर्णिमेच्या गदारोळात कानाले काय डोंबल ऐकू येते!

एका फेरीले चार मिनिटं लागतात. तीन फेऱ्या म्हणजे बारा. आता तुम्हीच सांगा, बारा मिनिटं श्वास न घेता कोणी माणूस फुंकू शकते का? पहिल्या वर्षी बुजुर्गांनीच हात ठेवला, अन् सहाच्या सहा जण पहिल्याच फेरीत गळपटले. मंग आमचे हे गेले पुरानी बस्तीकडं, समारू ककाकडं. कका गंडवा बाजात, म्हणजे इकडच्या लग्नाच्या वाजंत्र्यांत, मोहरी वाजवत. मोहरी म्हणजे इकडची सनईच समजा. लग्नात तासभर वाजली तरी तिचा आवाज खंडत नाही. ककानं ह्यांच्या हातात पाण्याचा गिलास अन् एक नळी दिली, अन् म्हणले, "गाल मा हवा धर, नाक ले खींच." म्हणजे गालात हवा साठवायची, ती गालानं बाहेर ढकलता ढकलता त्याच वक्ताले नाकानं नवी हवा आत घ्यायची. नळीतून पाण्यात बुडबुडे सुटत राह्यले पाहिजेत, एकही थांबता कामा नये. आमच्या ह्यांना ते जमायले आठ महिने लागले. पुढच्या पौर्णिमेले बाजा आमच्या घरी आला, तो तिथंच राह्यला.

मी म्हणते, राह्यला तो राह्यला, पण माझ्या सुनेनं तो उचलायची काय गरज होती?

लग्नाले महिना नव्हता झाला. हे सकाळी बाजाची पेटी उघडून तेल देत बसले होते. दीक्षा चहा घेऊन गेली अन् तिथंच उकिडवी बसली. मी आवाज दिला तरी उठेना. "बाबा, मी फुंकून पाहू?" ह्यांच्या कानाशी ओरडून म्हणे. नवी नवरी, अन् सासऱ्याचा बाजा तोंडाले! मी म्हणलं, आता हे चिडतील. तं हे हसले. त्या दिवसापासून माझ्या घरात एकाच्या जागी दोन फुंकणारे झाले.

गाणी तिनं वर्षभरात उचलली. तिथवर ठीक होतं. मंग बाईले भलतंच खूळ लागलं. मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशातले लोक पाहे. ते लोक सॅक्सोफोनातून गाणं नाही वाजवत, नुसते आवाज काढतात. घरघर, फुसफुस, टकटक, किंचाळ्या. मले वाटलं, बाजा बिघडला असंल त्याइचा. पण नाही, हीपण तसंच करायले लागली. भनपुरीत ट्रकचा हवेचा ब्रेक सुटते ना, फुस्स करून, तो आवाज तिनं बाजातून काढला. चाकं रुळावरून घासतात तो काढला. जीभ बाजाच्या तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पत्तीले चिकटवून झटक्यात सोडे तं टक्कन आवाज येई, दाराची कडी वाजल्यासारखा. आमची शेजारीण सुशीला कुंपणावरून मले विचारे, "बाई, सूनबाईची तब्येत बरी हाय ना?" मी म्हणे, "हाय वो, दमा नाही झाला तिले, रियाज चालू हाय." मले लाज वाटे, खोटं काहून बोलू.

"दीक्षा, पोरी," मी एक दिवस म्हणलं, "हे काय वाजवून राहिली तू? याच्यात ना चाल ना ताल."

"आई, चाल तो सब बजाते हैं," ती म्हणाली. तिचं असंच अर्धं हिंदीत चालते. "मी दिवसभर जे ऐकते ना, ते वाजवून राहिली. ते कोणीच वाजवत नाही."



पण मेहनतीले मात्र तोड नाही. ते मी डोळ्यानं पाह्यलं. खालचा ओठ खालच्या दातावर दुमडून घ्यायचा, वरचे दात बाजाच्या चोचीवर, तोंडात धरायच्या टोकावर, टेकवायचे, अन् मंग फुंकायचं. ओठाले आतून कापल्यासारख्या खुणा पडत. ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करे अन् पुन्हा बसे. उजव्या अंगठ्यावर बाजाचा भार, तिथं घट्टा आला, माझ्या जात्यावरच्या हातालेही कधी असा आला नव्हता. पट्ट्यानं मान काळी पडली. भाकरी थापता थापता बाजूले पाण्याचा गिलास ठेवून नळीनं बुडबुडे काढे. एका हातानं भाकरी फिरवायची, डोळे तव्यावर, अन् बुडबुडे चालूच. मी कुकरच्या शिट्ट्या मोजे. पहिल्या महिन्यात अर्ध्या शिट्टीत बुडबुडे थांबत. वर्षभरात डाळ शिजून उतरे तरी थांबत नव्हते.

मंग इंदू झाली, ऑपरेशन करून. पोट फाडलं म्हणजे फुंकण्याचा सारा जोरच गेला, कारण जोर गालात नसतो म्हणे, पोटात असतो. डॉक्टरनं सहा महिने वाजवायचं नाही म्हणून सांगितलं. तिनं सहा महिने वाजवलं नाही, पण बाजा मांडीवर घेऊन नुसती बोटं फिरवे. सातव्या महिन्यात पहिल्यांदा फुंकलं अन् दहा सेकंदात धापा टाकत खाटेवर आडवी झाली. त्या दिवशी ती रडली. मी पाठीवरून हात फिरवला अन् म्हणलं, "जाऊ दे ना बाप्पा, सोडून दे." तिनं माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी तिचं लेकरूच सोडून दे म्हणलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जमिनीवर उताणी झोपून पोटावर तांदळाची थैली ठेवायले लागली. श्वासानं थैली वर उचलायची, हळूहळू खाली सोडायची. पाच किलोची थैली. थैली जागेवर नाही सापडली तं इंदूले पोटावर बसवे. पोट्टी वर-खाली होई अन् खिदळे. ते पाहून मलेपण हसू येई, पण मी दाखवलं नाही.

अन् त्याच वर्षी ह्यांचे वरचे पुढचे दात गेले. चार दात काढावे लागले, कवळी आली. कवळीवर चोच टेकत नाही, सरकते. दोन महिने त्याइनं झटापट केली. एक दिवस पेटी बंद करून ती दीक्षाच्या खोलीत नेऊन ठेवली अन् आंगणात येऊन बसले. त्या रात्री जेवले नाही.

त्याच्यानंतरची एक संध्याकाळ मले चांगली याद हाय. दीक्षा वाजवून राहिली होती अन् हे समोर बसले होते, कपाळाले आठ्या, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. ती थांबली, त्याइचा हात धरला अन् बाजाच्या पितळेवर ठेवला. मंग फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणली. बाजाचा एक सूर, गळ्याचा दुसरा, अन् दोन एकमेकांत असे घुसले की भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या थरथरल्या. ह्यांचे डोळे मोठे झाले. "दोन हायेत," हे ओरडले. "शेवंता, दोन हायेत! माझ्या हाताले दोन लागून राहिले!" पाच वर्षांत त्याइनं कोणतं वाजवणं असं ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या आवाजाले नाव ठेवणं बंद केलं. म्हणजे, पाऱ्यासमोर बंद केलं.

यंदा होळीनंतर विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष गौतमभाऊ घरी आले. जय भीम झाला, चहा झाला, अन् मंग ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मुद्द्यावर आले. "देवीदासभाऊ, आता तुम्ही वाजवत नाही. बाजा मंडळाचा हाय. या पौर्णिमेले फेऱ्या लावू. मंडळाच्या भनपुरीच्या शाखेत अनिमेष म्हणून पोट्टा हाय, धुमाल पार्टीत वाजवते, वराती नाचवते, एक नंबर गाणी काढते. त्याची इच्छा हाय."

"माझीपण हाय," दीक्षा दारातून म्हणाली.

गौतमभाऊ हसले. वाईट माणूस नाही तो, पण त्याइचं ते हसणं मले झोंबलं. "सूनबाई, तुझं ते ट्रकचं वाजवणं मिरवणुकीत कसं चालंल? लोक भेऊन पळतील ना. बरं, नियम सगळ्यांले सारखा. कर तू फेऱ्या. कोणाच्याच पुऱ्या नाही झाल्या तं मंग मंडळ हात वर करून ठरवंल."

हात वर करून म्हणजे अनिमेष. एवढं मलेपण समजते. म्हणजे दीक्षाले तीन फेऱ्या पुऱ्या कराव्याच लागणार होत्या, नाही तं बाजा घरातून जाणार होता. अन् बाजा गेला तं तिनं फुंकायचं कशात? माझ्या भाताच्या गंजात?

दीड-पावणेदोन महिने तिनं जिवाचं रान केलं. सकाळी पाचले उठे, आंगणात फेऱ्या मारत वाजवे, मंग डबा, मंग इंदू, मंग ऑफिस. मे लागला तशी आमच्या रायपूरची धूप, म्हणजे कडक ऊन, चढली, सकाळीच भिंतीले हात लावता येईना. पण ती बारा मिनिटांवर पोचली होती. मंग पंधरावर. चोचीले जी वेताची पत्ती बांधतात ना, नखासारखी पातळ, तिच्या कंपानं सारा आवाज निघते, ती तिनं वाजवून वाजवून मऊ केली होती. सदर बाजारातून आणलेल्या बाकीच्या पत्त्या नव्या अन् कडक. कडक पत्तीले दुप्पट जोर लागते, ओठ फाडते. ती एक मऊ पत्ती म्हणजे तिचा जीव. उन्हाळ्यात वाळून वाकडी होऊ नये म्हणून रात्री पाण्यात ठेवे. अन् इंदू हाताले येईल ते तोंडात घालते म्हणून गिलास वर, तथागतांच्या फोटोपाशी.

आता ऐका माझा प्रताप.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्याकडं सारं घर धुऊन निघते. सांजच्या वंदनेआधी मी फोटोसमोरचं पाणी बदलायले गेले. फोटोसमोर पाण्याचा गिलास रोजचाच, त्यात नवीन काही नाही. पत्तीचा गिलास रोज रात्री येई, पण त्या दिवशी सांजेलेच दोन दिसले, दोन्ही स्टीलचे. मी म्हणलं, ह्यांनी ठेवला असंल एक. दोन्ही उचलले अन् रोजच्यासारखं पाणी मागच्या दाराशी, स्कूटी उभी राहते तिथल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. फोटोसमोरचं पाणी मी मोरीत कधी टाकत नाही, पायाखाली जाते म्हणून कुंडीतच ओतते. गिलासांत नवं पाणी भरलं अन् पुन्हा जागेवर ठेवले. झालं.

सकाळी सहा वाजता दीक्षा पांढरी साडी नेसून आली. गिलासात बोटं घातली. दुसऱ्या गिलासात घातली. "आई, याच्यातली पत्ती?"

 सारं डोळ्यापुढं दिसलं. अन् मी, साठ वर्षांची बाई, पंचशील रोज म्हणणारी, काय बोलले? "मले काय माहीत!"

तिनं माझ्याकडं पाह्यलं. मंग स्कूटी काढायले बाहेर गेली. स्कूटी पुढच्या दाराशी गेल्याचा आवाज आला तशी मी मागच्या दारानं कुंडीकडं धावले, माती उकरली, खडी उचलून पाह्यली. काहीच नाही. मी आत आले तवा ती नवी पत्ती चोचीले बांधत होती. "दूसरी लगा ली," एवढंच म्हणाली.

विहारात गर्दी जमली होती. वंदना झाली. पहिले अनिमेष उठला. पोट्टा गुणी, आवाज गोड, नाकानं श्वासही घेते. पण दुसऱ्या फेरीच्या शेवटी गाल ढिले पडले अन् सूर पटकन तुटला. ह्यांनी पितळेवरचा हात उचलून वर केला. अनिमेषनं मान खाली घातली, "सॉरी बाबा," म्हणला अन् बाजा पुसून दीक्षाच्या हातात दिला. त्याचं ते पुसून देणं मले आवडलं.

दीक्षानं पट्टा गळ्यात घातला. ह्यांनी हात पितळेवर ठेवला. मी इंदूले कडेवर घेऊन पिंपळाच्या पाराशी उभी.

पहिली फेरी त्रिसरणाची चाल. साफ, सरळ. लोकांच्या माना हलल्या. गौतमभाऊंचीपण हलली. दुसऱ्या फेरीत मले तिच्या मानेची शीर दिसायले लागली. कडक पत्ती. गाल फुगत अन् उतरत होते, नाकपुड्या फाकत होत्या, पोट साडीच्या आत भात्यासारखं चालत होतं. तिच्या हनुवटीवर लाल रेघ आली. ओठ फाटला होता. मी मनात म्हणत होते, शेवंता, हे रक्त तुह्या हातचं हाय.

तिसऱ्या फेरीत पत्तीनं दगा दिला. वरचा सूर घ्यायले गेली अन् तो उठेचना. चाल गेली. लोक कुजबुजले. पण ती थांबली नाही, खाली उतरली, गळ्यातून गुणगुण सुरू केली अन् ते दोन आवाज एकमेकांत घुसवले. मंग तेही बारीक झालं. उरली नुसती हवा, ट्रकच्या ब्रेकसारखी, अन् बाजाच्या झाकणांची टकटक. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या भोंग्यावर गाणं लागलं, अन् आम्हाले कोणालेच काही ऐकू येईना. ती चालत राह्यली. फेरी पुरी केली अन् तोंडातून चोच काढली.

"तुटला," गौतमभाऊ म्हणले. "शेवटच्या पाव फेरीत आवाज नव्हता. साऱ्यांनी पाह्यलं."

"नाही तुटला," त्याइचे ओठ पाहून आमचे हे म्हणले. "माझा हात होता."

"सासऱ्याचा हात हाय तो, देवीदासभाऊ. बुरा मत मानना. लोक काय म्हणतील?"

माझं डोस्कं फिरलं. मी तोंड उघडणार, तं दीक्षाच बोलली. श्वास पुरत नव्हता तिले. "मंग तुमचा हात ठेवा, भाऊ. मी पुन्हा वाजवते. तीनही."

 "आत्ता?" गौतमभाऊ म्हणले.

"आत्ता. पण दहा मिनिटं द्या. इंदू भुकेजली हाय."

अन् खरंच, पोट्टी माझ्या कडेवर कवाची किरकिर करून राहिली होती. विहाराच्या बाजूच्या खोलीत दीक्षा भिंतीले टेकून बसली अन् लेकराले पाजलं.  मी पदरानं तिची हनुवटी पुसली. मी सांगणार होते सारं, तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हणलं, आता सांगितलं तं हिचं ध्यान जाईल. का मले भेव वाटलं? दोन्ही असंल.

"दीक्षा, पोरी, नको जाऊ," मी म्हणलं. "मरू दे तो बाजा."

"आई, इसको डकार दिलाओ," ती म्हणाली अन् इंदूले माझ्या खांद्यावर देऊन उठली.

या वेळी गौतमभाऊंचा हात पितळेवर. त्याइनं जाऊन गल्लीतला भोंगापण बंद करून घेतला होता, हे त्याइच्या इमानदारीचं मी मानते. पहिली फेरी, दुसरी फेरी. साडी पाठीले चिकटली होती. ऊन आंगणात आलं होतं. तिसऱ्या फेरीत या खेपेले ती पत्तीच्या दग्याची वाट पाहत नाही बसली, आपणहून चाल सोडली. ट्रक आले, चाकं घासली, वॅगनी एकमेकांवर धडकल्या. आमच्या पाऱ्यातले निम्मे लोक वर्कशॉपातले. मी पाह्यलं, बुढे माणसं एकमेकांकडं पाहून राहिले होते. ते आवाज त्याइचेच होते, जन्मभर कानात बसलेले. अन् मंग पुन्हा ती बारीक हवा, जवळ असल्याशिवाय ऐकू न येणारी. गौतमभाऊंनी आधी चार बोटंच टेकवली होती, आता पुरा पंजा टेकवला. डोळे मिटून घेतले.

तिसरी फेरी पुरी झाली. दीक्षा थांबली नाही. गौतमभाऊंनीही हात काढला नाही. दोघं चौथ्या फेरीले निघाले. माझ्याच्यानं पाह्यवेना. मी ओरडले, "सोडा तिले आता, गौतमभाऊ! झाल्या ना तीन! पोरीचा जीव घेता का?"

गौतमभाऊंनी डोळे उघडले. "मी कुठं धरलं बाई तिले," म्हणले. "चालूच हाय. अजून चालूच हाय वो."

चौथी फेरी अर्धी झाली तवा दीक्षानंच चोच सोडली अन् पाराशी येऊन मटकन बसली. कोणी हात वर केला नाही, कोणी मोजलं नाही. अनिमेष पाण्याचा तांब्या घेऊन आला. गौतमभाऊ आपला तळहात उलटासुलटा करून पाहत होते, मंग एवढंच म्हणले, "बाजा तुझ्या घरी, सूनबाई." आमचे हे कवळी काढून रडत होते. काय म्हणावं या माणसाले, चारचौघांत!

घरी आलो. मी तिच्यापुढं हळद घातलेलं दूध ठेवलं, अन् उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "दीक्षा, पत्ती म्याच फेकली. पाण्यासंग कुंडीत ओतली. अन् वरून खोटं बोलले."

तिनं पदराची गाठ सोडली अन् पत्ती माझ्यापुढं ठेवली. रातभर वाळून मधोमध चिरलेली, टोकाले माती लागलेली.

"स्कूटी काढतानाच कुंडीत दिसली होती," ती म्हणाली. ओठ सुजला होता, बोलता येत नव्हतं नीट.

"मंग तवाच काहून नाही बोलली मले?"

"बोलली असती तं तुम्ही घरीच रडत बसल्या असत्या, आई." तिनं दुधाचा घोट घेतला अन् दुखलं म्हणून डोळे मिटले. "अन् मले तिथं तुम्ही समोर पाहिजे होत्या."